आमची वाटचाल : भोसरीचा गाळा आणि ग्रेड २०

२०११ ला हाडात बसवायचे स्क्रू तपासायच्या लॅबसाठी भोसरी एमआयडीसीत गाळा घेतला तेव्हा सासरे म्हणाले, स्क्रू उपटायचे पण पैसे देतात का लोक? देतात, फक्त उशिरा देतात.

पहिलं यूटीएम, म्हणजे ओढून ताकद मोजायचं मशीन, सेकंडहँड, १०० किलोन्यूटनचं, सळ्या तोडायचं. त्यावर पेडिकल स्क्रू (मणक्यात बसवतात तो) उपटायला किती लोड लागतो ते बघायचं म्हणजे भंगारवाल्याच्या काट्यावर सोनं तोलायचं. शेवटी एफडी मोडून ५ किलोन्यूटनचा लोडसेल (जोर मोजायचा सेन्सर) घेतला. स्क्रू पकडायचं फिक्श्चर मामांनी बनवलं. मामा म्हणजे आमचे पार्टनर, टर्नर माणूस, कागदावर १० टक्के पण खरं तर अर्धी कंपनी. त्यांनी वर युनिव्हर्सल जॉइंट दिला कारण स्क्रू जरा तिरका ओढला गेला तरी वाकतो आणि रीडिंगची वाट लागते. तेच फिक्श्चर अजून चालू आहे, दोनदा पिन बदलली बस.

मधली वर्षं बरी गेली.

२०१७ ला आमच्या सगळ्यात मोठ्या पार्टीचे ६.५ एमएमचे स्क्रू आले. एफ ५४३ (हाडाच्या स्क्रूंच्या टेस्टचं एएसटीएम स्टँडर्ड) प्रमाणे ग्रेड २० फोममध्ये २० एमएम आत घातले (हा फोम हाडाच्या जागी वापरतात, ग्रेड जास्त तेवढा घट्ट), मिनिटाला ५ एमएमने ओढले. लोड कमी आला. परत केलं, परत तेवढाच. त्यांनी तेच स्क्रू दुसऱ्या लॅबला दिले, तिकडे दुपटीच्या वर आला, आणि मग पार्टी सगळीकडे सांगत सुटली की यांचं मशीनच खोटं आहे. अजून दोन गिऱ्हाइकं गेली, बिलं अडकली, मामांनी चार महिने पगार उचलला नाही. लोडसेल परत कॅलिब्रेट करून आणला, त्यात काहीच निघालं नाही.

मग पार्टीचा पोरगा जुने स्क्रू न्यायला आला तेव्हा त्याच्या पिशवीत तिकडचा फोमचा ठोकळा होता. मामांनी चहा सांगितला आणि पोरगा चहा पीत होता तेवढ्यात व्हर्नियर लावून ठोकळा मापला, वजन केलं, भागाकार केला. घन सेंटिमीटरला ०.६४ ग्रॅम. ग्रेड २० असेल तर ०.३२ यायला पाहिजे! ग्रेड ४० मध्ये स्क्रू लावून छाती फुगवत होते, आणि रिपोर्टवर ग्रेडचा पत्ताच नाही. ठिसूळ हाडाच्या म्हाताऱ्या पेशंटसाठी लोक ग्रेड १० किंवा ५ मध्ये बघतात, ते तर लांबच राहिलं. पार्टीला फोन केला तर म्हणे, आम्हाला आकडा पाहिजे होता, मिळाला.

त्या काळात तगलो ते एम ८० स्कूटरवाल्या काकांमुळे, तेही स्क्रू बनवणारे गिऱ्हाईक. पेढ्याच्या खोक्यात स्क्रू घेऊन यायचे, स्वतः उभे राहून बघायचे. त्यांचाही लोड कमी आलेला, पण भांडले नाहीत. उपटलेला स्क्रू उजेडात धरून आट्यांत अडकलेला भुगा नखाने काढत बसले, आणि १५ दिवसांनी नवीन आट्याचे स्क्रू घेऊन हजर. पैसे रोख.

आता न विचारता सांगतो. रिपोर्ट घेताना फोमचा ग्रेड आणि पायलट होल (स्क्रूआधी पाडलेलं भोक) किती ते लिहून घ्या, नुसती सरासरी बघू नका, पाच स्क्रू ओढले तर पाचही ग्राफ मागा. आणि एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात परत घालून टेस्ट मागू नका हो, रोज कोणीतरी मागतं.

ती जुनी पार्टी मागच्या महिन्यात परत आली. मामा म्हणाले नको. मी घेतलं काम, पण पूर्ण ॲडव्हान्स घेऊन, आणि फोम आमचाच.