पाऊण इंची नळी, पाऊण इंची डाय आणि न जुळणारी मापे : घरी नळी वाकवण्याचा माझा अनुभव

वाकवण्याच्या साधनावर नुसते ‘पाऊण इंच’ छापलेले असेल, तर ते साधन नेमके काय वाकवते हे त्यावरून कळत नाही. पाऊण इंची नळीचा बाहेरचा व्यास 19.05 मिलिमीटर असतो. वीजतारांसाठीच्या पातळ पाऊण इंची कॉन्ड्युटचा तो 23.4 मिलिमीटर भरतो आणि पाण्याच्या पाऊण इंची पाइपचा 26.7 मिलिमीटर. (कॉन्ड्युट आणि पाइपचे हे आकडे अमेरिकी मानकांतले आहेत.) तिन्ही वस्तूंवर माप एकच लिहिलेले असते आणि एकीसाठी केलेल्या डायमध्ये, म्हणजे वाकवताना नळी जिच्या खाचेत बसते त्या साच्यात, दुसरी नीट बसत नाही. साधन विकणाऱ्याने ही गोष्ट खरेदीच्या आधी सांगायला हवी, असे मला आजही ठामपणे वाटते. मला ती पत्रव्यवहारात आणि वाट पाहण्यात पुष्कळ वेळ घालवल्यावर, तीही स्वतःच्या कॅलिपरमुळे (व्यास आणि रुंदी अचूक मोजण्याच्या साधनामुळे) उमगली.

काम साधे होते. टेबलासाठी यू आकाराचे दोन पाय करायचे होते. त्यासाठी 19.05 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची आणि 1.2 मिलिमीटर जाडीची सौम्य पोलादाची नळी घेतली होती. कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून वेल्ड करणे सोपे होते, पण मला गोल कोपरे हवे होते, म्हणून वाकवण्याची पद्धत शोधायला बसलो. हा टप्पा लवकर पार पडला. मऊ तांब्याच्या बारीक नळ्यांसाठी असणारा हाताचा लिव्हर बेंडर पोलादाला पुरणार नव्हता. नळीत घालायची स्प्रिंग तांब्याच्या 15 आणि 22 मिलिमीटरच्या नळ्यांना उत्तम चालते, पण तिथेही गुडघ्याच्या किंवा हाताच्या जोराने वाकेल इतका धातू मऊ असावा लागतो. तीन रुळांचे यंत्र मोठ्या कमानींसाठी असते. आखूड कोपरा त्यातून निघत नाही. वाळू भरून, तापवून वाकवण्याची जुनी पद्धत खरोखर चांगली आहे, पण दोन पायांचे चार कोपरे हुबेहूब सारखे येतील याची खात्री तिने मिळणार नव्हती. उरला तो जॅकवर चालणारा बेंडर. त्यात दोन बाजूंना आधाराचे रूळ असतात आणि मधून जॅक अर्धगोल खाचेची डाय पुढे रेटतो.

तो घेण्यापूर्वी मी विक्रेत्याला लिहून विचारले होते. व्यास आणि जाडी, दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये दिले होते. ‘पाऊण इंची डाय सोबत येते, तुमच्या नळीला चालेल,’ असे लेखी उत्तर आले.

डाय आल्यावर पहिल्याच तुकड्याने सगळे दाखवून दिले. नळी खाचेत ठेवताच ती मोकळी राहत होती. दोन्ही बाजूंना मिळून जवळजवळ साडेसात मिलिमीटर फट होती. वाकवल्यावर कोपऱ्याची आतली बाजू खाचेच्या तळाशी दाबली गेली, बाहेरची बाजू आत खचली आणि नळी दोन्ही अंगांनी पसरली. कॅलिपरने मोजले तेव्हा कोपऱ्याच्या मध्यावर रुंदी 22 मिलिमीटरच्या वर गेली होती आणि उंची 16 च्या खाली आली होती. चपटेपणा मोजण्याची रीत सोपी आहे: सर्वांत मोठ्या व्यासातून सर्वांत लहान व्यास वजा करायचा आणि मूळ व्यासाने भागायचे. इथे तो एक तृतीयांशाच्या आसपास होता. अशा कोपऱ्यावर टेबलाचा भार देण्याची माझी तयारी नव्हती.

हे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. नळी वाकताना बाहेरची भिंत ताणली जाऊन पातळ होते आणि आतली दाबली जाऊन जाड होते किंवा तिला सुरकुत्या पडतात. हा ताण किती, हे व्यास आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरते. त्रिज्या व्यासाच्या तिप्पट असेल, तर बाहेरची भिंत मूळ लांबीच्या सुमारे सहाव्या हिश्शाने लांबते. ताणलेल्या आणि दाबलेल्या दोन्ही भिंतींना मध्याकडे सरकायचे असते, म्हणजे नळीला चपटे व्हायचे असते. त्या वेळी नळीची दोन्ही अंगे डायच्या खाचेने घट्ट धरून ठेवली, तर तिला पसरायला जागाच उरत नाही. खाच सैल असेल तर हा आधार जातो. त्यात माझी नळी पातळ. व्यास भागिले जाडी केली तर उत्तर सुमारे 16 येते. हा बेंडर ज्या पाण्याच्या पाइपसाठी बनवलेला होता, त्याची जाडी 2.87 मिलिमीटर धरली तर हेच गुणोत्तर 9 च्या जवळ येते. जाड पाइप सैल खाचेतही बराच तग धरतो, पातळ नळी धरत नाही.

मी खाचेची रुंदी मोजली. ती 26.7 मिलिमीटरच्या पाइपला अगदी बरोबर बसेल अशी होती. हा आकडा, कॅलिपरसह काढलेले छायाचित्र आणि विक्रेत्याचे जुने लेखी उत्तर जोडून मी बदलीची मागणी केली.

इथून पुढचा काळ आठवला की अजूनही चीड येते. बदलीच्या अर्जात कारणांचे तीनच पर्याय होते: वस्तू तुटलेली, वस्तू अपुरी, मागवल्यापेक्षा वेगळी वस्तू. डाय तुटलेली नव्हती, संच पूर्ण होता आणि डब्यावर ‘पाऊण इंच’ असेच छापलेले होते. मी तिसरा पर्याय निवडला आणि अर्ज फेटाळला गेला; कारण दिले होते, ‘छापील माप मागणीशी जुळते.’ मिलिमीटरमधला आकडा लिहायला त्या अर्जात जागाच नव्हती. शेऱ्याच्या चौकटीत मी तो लिहिला, पण शेरा कोणी वाचला असे उत्तरांवरून वाटले नाही. प्रत्येक उत्तर नव्या माणसाकडून येई आणि प्रत्येक जण मला पुन्हा माप विचारून शेवटी पाऊण इंच हे पाऊण इंचच असते असे समजावून सांगे. खाचेत कॅलिपर ठेवून छायाचित्र पाठवा, ही माझी साधी विनंती होती. तिच्या उत्तरात माहितीपत्रकातले चित्र आले. दोन उत्तरांमधली शांतता सर्वांत त्रासदायक होती, कारण वाट पाहत राहावे की दुसरे साधन घ्यावे हे ठरवता येत नव्हते आणि परत करण्याची मुदत मात्र सरत होती.

त्या काळात संचातल्या इतर डायही तपासून पाहिल्या. अर्धा इंची पाइपची डाय 21.3 मिलिमीटरची असते. तिच्यात माझी नळी कमी सैल होती, म्हणून एक तुकडा वाकवून पाहिला. नळी खाचेच्या भिंतींना टेकेपर्यंत पसरली आणि 21.3 वर थांबली. आधीपेक्षा बरा, पण डोळ्यांना स्पष्ट दिसणारा चपटेपणा राहिला. कॉन्ड्युटच्या बेंडरचा विचारही करून झाला. अर्धा इंची कॉन्ड्युटचा व्यास 17.9 मिलिमीटर, त्यामुळे त्या खाचेत 19.05 ची नळी शिरतच नाही. आणि पाऊण इंची 23.4 ची खाच पुन्हा सैल. म्हणजे 17.9, 21.3, 23.4 आणि 26.7 या सगळ्या खाचांत माझ्या नळीला घर नव्हते. नळीसाठी केलेली, बाहेरचा व्यास धरून कोरलेली डायच हवी होती.

वाळूचा उपायही त्या सैल डायवर करून पाहिला. कोरडी, बारीक वाळू ठोकून ठोकून भरली आणि दोन्ही टोकांना लाकडी बुचे बसवली. बाहेरची भिंत आत खचणे पुष्कळ कमी झाले, पण आतल्या बाजूने जिथे नळी खाचेच्या तळाला टेकत होती, तिथे सपाट पट्टा पडलाच. वाळू आतून आधार देते; बाहेरून अंगे धरण्याचे काम तिला जमत नाही. ज्यांना वाळू भरून नळी तापवायची असेल त्यांनी वाळू पूर्ण वाळवलेलीच वापरावी, कारण बंद नळीत थोडाही ओलावा राहिला तर वाफेच्या दाबाने बुच सुटून अंगावर येऊ शकते. जस्ताचा मुलामा असलेली नळी तर तापवूच नये. तिच्यातून निघणारा जस्ताचा धूर श्वासात गेला की थंडी वाजून ताप येतो.

अखेर माझा अर्ज विक्री विभागातून कार्यशाळेत काम करणाऱ्या एका गृहस्थांकडे गेला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले: बाहेरचा व्यास किती, भिंतीची जाडी किती, मध्यरेषेवर, म्हणजे नळीच्या मधोमध जाणाऱ्या रेषेवर, त्रिज्या किती हवी? त्यांना अर्धे पानही वाचावे लागले नाही. हा बेंडर तुमच्या नळीसाठी नाही, असे त्यांनी सरळ लिहिले, तो परत घेण्याची व्यवस्था केली आणि नळीच्या व्यासाप्रमाणे डाय असलेला, नळी डायभोवती गुंडाळत नेणारा बेंडर सुचवला. तो निरोप वाचून मला किती हायसे वाटले, हे सांगणे कठीण आहे. हेच तीन प्रश्न अर्जात पहिल्या ओळीत असते, तर सगळा मधला काळ वाचला असता.

नव्या बेंडरमध्ये डायच फिरते. नळीचे टोक तिला पकडीने बांधलेले असते आणि मागून एक सरळ खाचेचा ठोकळा नळीला दाबून धरतो. वळण नेहमी एकाच जागी, डाय आणि ठोकळा यांच्या मध्ये घडते, त्यामुळे नळी तिथे चारही बाजूंनी धरलेली असते. जॅकच्या बेंडरपेक्षा हाच मूळ फरक आहे. मी 57 मिलिमीटर त्रिज्येची, म्हणजे व्यासाच्या तिप्पट त्रिज्येची डाय घेतली. पहिल्या तुकड्याच्या कोपऱ्यावर रुंदी 19.6 आणि उंची 18.4 भरली. तो तुकडा मी कितीतरी वेळ हातात फिरवून पाहत होतो. डायवर कोरलेली त्रिज्या मध्यरेषेची आहे की आतल्या कडेची, हे मात्र विचारून घ्यावे. या नळीत दोहोंत साडेनऊ मिलिमीटरचा फरक पडतो.

लांबीचा हिशेब कागदावर आधी करावा. नव्वद अंशांच्या वळणात खर्च होणारी लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले 1.571, अर्थात 57 साठी साडेएकोणनव्वद मिलिमीटर. कोपरा काटकोनी धरून मध्यरेषेची लांबी मोजली असेल, तर प्रत्येक वळणामागे साडेचोवीस मिलिमीटर वजा करायचे. तरीही दोन्ही टोकांना भरपूर जास्तीची नळी ठेवावी आणि वाकवून झाल्यावर कापावी. पकडीला जागा मिळते आणि मापातली तूटही भरून निघते.

पोलाद दाब काढल्यावर थोडे मागे उघडते. माझ्या नळीला नव्वद अंश मिळवण्यासाठी 93 च्या आसपास जावे लागले. हा आकडा त्याच नळीच्या उरलेल्या तुकड्यावर काढावा, कारण धातू आणि त्रिज्या बदलली की तो बदलतो. स्टेनलेस पोलाद सौम्य पोलादापेक्षा जास्त मागे येते. शेवटचे अंश थांबत थांबत घ्यावेत. कमी वाकलेला कोपरा पुन्हा वाकवता येतो, जास्त वाकलेला सरळ करताना नळी हमखास बिघडते.

यू आकारात दोन्ही वळणे एकाच पातळीत यावी लागतात. पहिल्या वळणाआधी मी नळीवर लांबीभर सरळ रेघ मारली आणि दुसऱ्या वळणाच्या वेळी ती रेघ डायवरच्या खुणेशी जुळवली. शिवाय आधी वाकवलेल्या पायावर कोनमापक ठेवून तपासले. सरकत्या ठोकळ्याला थोडे वंगण लावावे, पकडीच्या भागाला मुळीच लावू नये, तिथे नळी घसरली की वळणाची सुरुवातच चुकते.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. वेल्ड करून बनवलेल्या नळीच्या आतून जोडाची रेषा जाते. टोकातून डोकावले की ती दिसते. ती रेषा वळणाच्या बाहेरच्या किंवा आतल्या बाजूला येऊ देऊ नये, कारण तिथेच सर्वांत जास्त ताण आणि सर्वांत जास्त दाब असतो. नळी फिरवून ती बाजूला, म्हणजे जिथे धातू फारसा ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही अशा जागी ठेवावी. ॲल्युमिनिअमच्या नळीचे वेगळे आहे: 6061-टी6 सारखी कडक केलेली मिश्रधातूची नळी या त्रिज्येवर तडकण्याचा धोका असतो, आणि तापवून मऊ केली तर तिची मजबुती जाते, म्हणून भार घेणाऱ्या कामासाठी तिला मोठ्या त्रिज्येची डाय शोधावी.

यापुढे कोणतीही डाय मागवण्याआधी मी विक्रेत्याला एकच प्रश्न लिहिणार आहे: ‘खाचेची रुंदी मिलिमीटरमध्ये किती आहे, कॅलिपर लावून सांगावे.’ उत्तरात आकडा आला नाही, तर मी मागणी नोंदवणार नाही.