तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या कॉम्प्युटरवर टाकू तरी काय?

लग्नाच्या पंगतीत विचारतात, यार्डात चहाला थांबलं की विचारतात, परवा तर दाढी करताना विचारलं: "आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज अकरा बसत नाही म्हणतंय ओ, मग लिनक्स टाकू, का मॅक घेऊ, का हाय तसंच चालू दे?" मी काही इंजिनिअर नाही. सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर हिशेब बघतो, पण तिथले कॉम्प्युटर अडले की हात घालणारा मीच, त्यामुळे आमच्या विश्रामबागच्या निम्म्या लोकांना वाटतं की ह्याला सगळं येतं. आता इथंच एकदा लिहून टाकतो.

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टम, पण फुकट मिळणारी, आणि मॅक म्हणजे ॲपल कंपनीचा कॉम्प्युटर. विंडोज का लिनक्स हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी मला एवढंच सांगा की घरात असं कुठलं एक काम आहे जे अडलं तर चालणारच नाही, आणि ते अडल्यावर कुणाला हाक मारणार. ह्या दोन्हीची उत्तरं मिळाली की सिस्टम आपोआप ठरते, आणि बहुतेक लोक नेमकं हेच न सांगता "फास्ट कुठली?" एवढंच विचारत बसतात.

एवढी धांदल का उडालीय ते आधी सांगतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला असं नाही, फक्त सुरक्षेचे फुकट अपडेट थांबले. घरगुती लोकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ते अपडेट मिळतील अशी सोय ठेवलीय, पण ती मुदतवाढ झाली, इलाज नाही. आणि अकरा टाकायचं तर टीपीएम २.० (कॉम्प्युटरमधली सुरक्षेची सोय) लागतं, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे २०१५-१६ साली हौसेनं घेतलेला आय फाइव्ह, चालतोय झकास, तरी त्याला दार बंद. अट चुकवून अकरा बसवून देणारे दुकानदार आहेत, मी ते सुचवत नाही, पुढच्या एखाद्या मोठ्या अपडेटला अडकलात तर निस्तरायला तो येत नाही.

आणि त्याहून वाईट म्हणजे ते क्रॅक, पैसे न देता विंडोज चालू करून देणारे. ऍक्टिव्हेटर चालवायच्या आधी "अँटिव्हायरस बंद करा" असं सांगतात आणि लोक मुकाट्यानं करतात, मग त्याच कॉम्प्युटरवर बँकेचा पासवर्ड टाकतात! घराला कुलूप लावून किल्ली अनोळखी माणसाच्या हातात द्यायचा प्रकार आहे हा.

आता शेजारच्या काकूंचं सांगतो, कारण त्यात सगळंच आलं. काकू झेडपीच्या शाळेतून रिटायर, कॉम्प्युटर चौथ्या पिढीचा आय थ्री, चार जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क, चालू करून चहा टाकला तर चहा आधी व्हायचा. काम काय तर भजनी मंडळाची पत्रं, सोसायटीचा अहवाल, नातीशी व्हिडिओ कॉल, लाइट बिल, यूट्यूब. म्हटलं, काकू, काहीच पुसायचं नाही, आधी नुसतं बघू. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, घेऊन गेलो, तो लावला, चालू करताना एफ बारा दाबून पेनड्राइव्हवरनं चालू केलं. ह्याला लाइव्ह म्हणतात, हार्ड डिस्कला हात न लावता अख्खी सिस्टम समोर येते, आवडली नाही तर पेनड्राइव्ह काढून रिस्टार्ट, विषय संपला. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, काकूंना काही वेगळं वाटेचना.

पहिलं वायफाय बघितलं, लागलं. मग कॅमेरा, आवाज. मग प्रिंटर, कारण घराघरांत लिनक्स अडतं ते इथंच. काकूंचा एचपीचा ऑल इन वन, त्याचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर मिंटमध्ये आधीच असतं, त्यानं स्वतःच ओळखला आणि टेस्ट पेज बाहेर. हेच कॅननचा एलबीपी २९०० असता, जो आपल्याकडं निम्म्या झेरॉक्सवाल्यांकडं आणि वकिलांकडं दिसतो, तर मी काकूंना तिथंच थांबवलं असतं. त्याची छापायची भाषाच वेगळी आहे आणि लिनक्सवर तो चालवायला बरीच खटपट लागते, ती काकूंच्या घरात कोण करणार? कालचं पत्र आज छापून पाहिजे असतं.

मग मराठी. काकू इनस्क्रिप्टवर टाइप करतात आणि हा कीबोर्ड सरकारी मानकातला असल्यामुळं विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडं तोच मिळतो, बोटांना नवीन काही शिकवावं लागत नाही. मी म्हटलं "दुसऱ्या" लिहून दाखवा. काकूंनी शिफ्ट धरून जे दाबला, मग डी, मग य, आणि तो आडवा रफार बरोब्बर आला. "येतंय की रे!" म्हणाल्या. घोडं पेंड खाल्लं ते जुन्या फायलींपाशी. शाळेत असताना टाइप केलेली पत्रं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं सारखी वाचता येणाऱ्या अक्षरांत, नव्हती, जुन्या फॉन्टमधली होती, ती उघडली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा. त्या फॉन्टची फाइल विंडोजमधून उचलून मिंटमध्ये टाकली तेव्हा वाचता आली. पण ज्यांचं रोजचंच काम तसल्या फॉन्टमध्ये आहे, प्रेसवाले, पत्रिका छापणारे, डीटीपीवाले, त्यांनी लिनक्सच्या वाटेला जाऊ नये, त्यांची टायपिंगची सॉफ्टवेअरं विंडोजवरची असतात.

काकूंचा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढला, जुनी डिस्क बदलून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवला, रॅम आठ जीबी केली आणि मिंट टाकलं. खरा फरक एसएसडीनं पडला हे प्रामाणिकपणे सांगतो, त्याचं श्रेय लिनक्सला देणारे लोक आहेत, ते सोडून द्या. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, त्यामुळं तोवर बघायला नको. काका अजूनही त्याला विंडोजच म्हणतात.

पण मी स्वतः पेढीवर विंडोजच वापरतो हेही ऐका. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजचं, आणि डिजिटल सहीचं टोकन लावून पोर्टलवर सही करायची असते, तेव्हा रिटर्नच्या शेवटच्या दिवशी ड्रायव्हर शोधत बसायला मला वेळ नाही. घरी कुणी सीए, कंत्राटदार, टॅली शिकणारी पोरगी असेल तर चर्चाच नको, विंडोज अकरा चालेल असा कॉम्प्युटर घ्या. कंपन्यांचे पाच-सहा वर्षं वापरलेले, आठव्या-नवव्या पिढीचे डेस्कटॉप बाजारात मिळतात, चालतात मस्त, फक्त टीपीएम आहे का नि लायसन्स खरं आहे का हे समोर बसून बघा.

मॅकबद्दल फार बोलत नाही. एम फोर चिपचा मॅक मिनी २०२४ ला आला तेव्हा भारतात ५९,९०० पासून होता, मॉनिटर, कीबोर्ड, माउस वेगळे. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला सोनं आहे. पण रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि तो अडला तर गल्लीतला पोरगा कामाचा नाही, हे धरून चाला.

शेतीचा सातबारा, सीईटीचा फॉर्म, रेल्वेचं तिकीट ह्यासाठी काय घ्यावं असंही विचारतात. ते सगळं ब्राउझरमध्ये होतं, खाली कुठली सिस्टम आहे त्याला फरक पडत नाही.

काहीही टाकायच्या आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढून ठेवा. २०१९ च्या पुरात आपल्याकडं खालच्या मजल्यावरचे किती सीपीयू पाण्यात गेले ते बघितलंय सगळ्यांनी, तिथं विंडोज होतं का लिनक्स हे कुणी विचारलं नाही.

आणि घरातलं पोरगं व्हॅलोरंट नावाचा गेम खेळत असेल तर त्याला न विचारता लिनक्स टाकू नका. त्याचं अँटिचीट, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, लिनक्सवर चालत नाही, आणि शिव्या मला बसतात.