मोठ्या बाटलीतली वाइन: नाव नको, लिटर विचारा

जेरोबोम नावाच्या मोठ्या बाटलीत किती वाइन असते? फ्रान्सच्या शॅम्पेन आणि बर्गंडी भागांत ३ लिटर. तिथल्याच बोर्दो भागात ३ लिटरच्या बाटलीला डबल मॅग्नम म्हणतात. बोर्दोचा जेरोबोम जुना असेल तर ४.५ लिटरचा, अलीकडचा असेल तर बहुधा ५ चा. अमेरिकेने १९७९ मध्ये वाइनच्या बाटल्या मेट्रिक मापांवर आणल्या आणि ३ लिटरच्या वर पूर्ण लिटरचीच मापं ठेवली, त्यात ४.५ बसेना, म्हणून बाटली ५ ची झाली. ६ लिटरची बाटली बोर्दोत इम्पेरियल, शॅम्पेनमध्ये मेथुसेला. त्यापुढे साल्मानाझार ९, बाल्थाझार १२, नेबुकॅडनेझर १५. बायबलमधली ही सगळी मंडळी पाठ करायला मजा येते, पण सौदा करताना उपयोग शून्य. लेबलवरचा लिटरचा आकडा वाचा आणि बिलावरही तोच लिहून घ्या. मॅग्नम तेवढी सगळीकडे १.५ लिटर.

आणि संग्रह करायचा तर खरी बाटली मॅग्नमच.

कारण हवेच्या हिशेबात आहे. बूच आणि वाइन यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा असते. मॅग्नमची मान साध्या ७५० मिलीच्या बाटलीपेक्षा फारशी रुंद नसते, त्यामुळे ती जागाही जवळपास तेवढीच. बुचाच्या कडेने वर्षानुवर्षं आत झिरपणारा ऑक्सिजनही साधारण तेवढाच. वाइन मात्र दुप्पट. म्हणजे दर लिटरमागे ऑक्सिजन निम्म्याच्या आसपास, आणि वाइन पिकते सावकाश. शिवाय खोलीचं तापमान वरखाली झालं तरी मोठ्या बाटलीला ते उशिरा जाणवतं. याची दुसरी बाजू विक्रेते सहसा सांगत नाहीत: जी वाइन दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायची, तिच्यासाठी मॅग्नमचे जादा पैसे मोजून चवीत काही मिळत नाही.

शॅम्पेनमध्ये आणखी एक गोम आहे. बुडबुडे आणणारं दुसरं किण्वन (आंबण्याची क्रिया) बाटलीतच होतं आणि आत पाच-सहा बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या पाच-सहापट दाब तयार होतो. दाब तोच राहिला तरी बाटलीचा घेर वाढला की काचेवरचा ताण त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून काच जाड लागते, आणि तरीही फुटण्याचं भय राहतं. त्यामुळे जेरोबोमहून मोठ्या बाटल्यांत बरेच उत्पादक लहान बाटल्यांत तयार झालेली शॅम्पेन दाबाखाली ओततात. या ओताओतीत थोडा वायू जातो, थोडी हवा लागते. अशी बाटली ठेवण्यासाठी घेऊ नका, समारंभासाठी घ्या आणि लवकर उघडा. द्रापिए हे शॅम्पेन बनवणारं घराणं मोठ्या मापांतही किण्वन त्याच बाटलीत करतं, पण तो अपवाद. घेण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: किण्वन याच बाटलीत झालंय का?

मॅग्नमची किंमत साध्या बाटलीच्या दुपटीपेक्षा जास्त का, हा प्रश्न नेहमीचा. काच महाग, बूच वेगळं, बरंचसं भरणं आणि लेबल लावणं हाताने, आणि मुळात बाटल्या मोजक्याच. मोजकेपणामुळेच खोटा मालही इथे जास्त खपतो. खोटी वाइन विकल्याबद्दल २०१३ मध्ये अमेरिकेत दोषी ठरलेल्या रुडी कुर्नियावानच्या बनावट मालात दुर्मीळ मॅग्नमही होत्या. जुनी मोठी बाटली घेताना आधी एक गोष्ट तपासा: त्या वर्षी त्या उत्पादकाने हे माप भरलं होतं का? मग वाइनची पातळी. वीस-तीस वर्षांच्या बोर्दोत ती मानेच्या तळाशी आली असेल तर चालतं. खांद्याच्या मध्याखाली गेली असेल तर सोडून द्या. बूच वर सरकलंय का, कॅप्सूलखालून, म्हणजे बुचावरच्या आवरणाखालून, चिकट ओघळ आलाय का, हेही बोट फिरवून बघा.

ठेवायला १२ ते १४ अंश आणि ६० ते ७५ टक्के आर्द्रता, म्हणजे लहान बाटलीसारखंच. अडतं ते रॅकपाशी. साध्या बाटलीच्या खणात शॅम्पेनची मॅग्नम शिरत नाही आणि वाइन-फ्रिजच्या फळ्याही त्या घेराला बेतलेल्या नसतात. ३ लिटरपासून पुढे मूळ लाकडी पेटीतच, आडवी, जमिनीलगत ठेवा. पेटी फेकू नका, पुढे विकताना तिचीही किंमत होते. १५ लिटरच्या बाटलीत वाइनच १५ किलोच्या आसपास, वर जाड काच. ती एकट्याने उचलायची नाही, आणि मानेला धरून तर कधीच नाही.

आता उघडणं. खरी फजिती इथे होते. जुनी रेड ६ लिटरची असेल तर निदान आठवडाभर आधी उभी करा. गाळाला खाली यायला अंतर जास्त. बाटली ओल्या फडक्यावर, बुटक्या टेबलावर ठेवा आणि एकाने दोन्ही हातांनी धरून ठेवा. बूच जाड आणि लांब असतं. आखूड स्क्रू मध्यापर्यंतच जातो, वरचा अर्धा भाग हातात येतो आणि खालचा आत राहतो. लांब मळसूत्राचा ओपनर घ्या, सरळ मध्यात रोवा, आणि ओढताना घाई करू नका.

त्यानंतरची चूक म्हणजे थेट ग्लासात ओतणं. दर वेळी बाटली वाकवून परत उभी केली की तळाचा गाळ ढवळला जातो. दहाव्या ग्लासापासून वाइन गढूळ. म्हणून सगळी वाइन एका दमात काढा: दोघांनी धरून हळूहळू कलवत, किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या सिलिकॉन नळीने. नळी पाण्याने भरून घ्या, तोंडाने ओढू नका. तिचं टोक गाळापासून चार बोटं वर ठेवा आणि सुरुवातीचं पाणी बाजूला काढा. ६ लिटरसाठी ७५० मिलीच्या आठ स्वच्छ बाटल्या आधीच मांडून ठेवा. १५० मिलीच्या ओतीने चाळीस ग्लास होतात, गाळाचे दोन वजा धरा. पाहुणे वीस असतील तर दोन मॅग्नम पुरे.

थंड करायचा हिशेबही चुकतो. ६ लिटरच्या बाटलीत वाइन आठपट, पण घेर साधारण दुप्पट, आणि गारवा मध्यापर्यंत पोचायला वेळ ढोबळमानाने चौपट. साधी बाटली बर्फ-पाण्यात अर्ध्या तासात गार होते. हिला दोन तास धरा, आणि पाणी खांद्याच्या वर येईल असं खोल पिंप घ्या, नाहीतर पहिले ग्लास कोमटच जातात.

मॅग्नम संपली नाही तर उरलेली वाइन त्याच बाटलीत बूच मारून ठेवू नका. उघडल्याबरोबर अर्धी वाइन धुतलेल्या ७५० मिलीच्या बाटलीत काठोकाठ भरा, बूच लावा आणि फ्रिजमध्ये उभी ठेवा. तीन-चार दिवस चांगली राहते. शॅम्पेनला हा उपाय लागू नाही. तिला दाब धरणारं झाकण लावा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.