बाईंचा जीवनवृत्तांत लिहिताना

नगर (आता अहिल्यानगर) भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या सभासदांमध्ये, निवृत्त शिक्षिका प्रभुवासी झाल्या की स्मरणार्थ उपासनेत जीवनवृत्तांत वाचतात. बहुतेक वेळा तो आदल्या रात्री लिहिला जातो आणि ‘प्रेमळ, मनमिळाऊ, प्रार्थनाशील’ यावर संपतो. ही विशेषणं कुणालाही चालतात. नव्वदी गाठलेल्या बाईंचं आयुष्य कागदांवर असतं, ते आधी काढा.

पहिली अडचण जन्मतारखेची. सेवापुस्तकाच्या (सरकारी नोकरीच्या नोंदवहीच्या) पहिल्या पानावर अंकी आणि अक्षरी १ जून १९३४ असेल, तर लगेच विश्वास ठेवू नका. शाळा जूनमध्ये भरायची आणि मास्तर हीच तारीख टाकून मोकळे व्हायचे. चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरात खरी तारीख मिळू शकते. तिथे शोधताना वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव घ्या. सासरच्या आडनावाने काहीच सापडणार नाही. निवृत्तीची तारीख मात्र सेवापुस्तकातल्या जन्मतारखेवरूनच ठरते: अठ्ठावन्न पूर्ण, आणि जन्म एक तारखेचा असल्याने ३१ मे १९९२.

दुसरी चूक संस्थांच्या नावांची. ‘१९५५ साली जिल्हा परिषदेत रुजू’ असं सर्रास वाचलं जातं. जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ला. त्याआधीची नोकरी स्कूल बोर्डाची, नाहीतर मिशनच्या शाळेतली. तसंच ‘जन्मापासून सी.एन.आय.च्या सभासद’. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया नागपुरात स्थापन झालं २९ नोव्हेंबर १९७०ला. १९३४चा बाप्तिस्मा अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतला असेल तर तसंच लिहा, जुनी माणसं तेच नाव सांगतात. आणि नव्वद पूर्ण झाली असतील तर ‘वयाच्या ९१व्या वर्षी’ हे बरोबर. ‘९१ वर्षांच्या होत्या’ हे चूक.

बदल्यांची गावं सेवापुस्तकात ओळीने सापडतात. सगळी वाचू नका. जिथे सर्वांत जास्त वर्षं काढली ती दोन-तीन गावं घ्या आणि तिथे कोणता वर्ग शिकवला ते लिहा. पहिलीचा वर्ग वर्षानुवर्षं सांभाळणं हे मुख्याध्यापकपदापेक्षा कमी नाही, पण वृत्तांतात पद येतं, पहिली गळते.

सर्वांत जास्त गळतो तो निवृत्तीनंतरचा काळ, म्हणजे तीसेक वर्षं. शब्बाथ शाळेत (चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षणात) कोणता वर्ग घेतला, महिला मंडळाचा हिशेब किती वर्षं ठेवला, वर्गणीच्या पावत्या कोण फाडायचं, हे मंडळीच्या सभांच्या इतिवृत्तात असतं. पाळकांकडून (चर्चच्या धर्मगुरूंकडून) ती वही मागून घ्या.

लांबी साडेचारशे शब्द, वाचायला पाच मिनिटं. नातवंडांच्या नावांची यादी लांबली तर ती छापील पत्रिकेत घाला. आवडत्या गीताचा ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातला क्रमांक सांगताना पहिली ओळही द्या, घरच्या जुन्या प्रतीतला क्रमांक चर्चमधल्या प्रतीशी जुळेलच असं नाही, आणि पेटीवाला भलतंच गीत सुरू करतो. वाचन घरच्यांऐवजी मंडळीतल्या कुणाकडे द्या. घरच्यांचा आवाज बहुधा माहेरच्या नावापाशीच अडकतो.