चेंबरमधली वीट

संडासाच्या खड्ड्याचं झाकण सरकलं आणि वास आला.

त्या दिवशी सगळं चाललं असतं, फक्त वास यायला नको होता. पाऊस आला असता तरी चाललं असतं, पाहुणे उशिरा आले असते तरी चाललं असतं. अंगणात साठ-सत्तर माणसं उभी होती. नाकाला पदर न लावताही खड्ड्यात वाकून बघता येतं, हे दाखवायलाच मी त्यांना गोळा केलं होतं. पुढच्या रांगेतली दोन पोरं ओरडत मागे पळाली. बाकीच्यांनी पळायचं सौजन्यही दाखवलं नाही, नुसते हसले.

"ताई, हेच का तुमचं सोनखत?"

मी ग्रामीण स्वच्छतेच्या कामात आहे. गावात आमची ओळख 'संडासवाली माणसं' अशी, आणि त्यात खोटं काही नाही. सुरुवातीची काही वर्षं उघड्यावर बसणाऱ्यांना हटकायला पहाटे शिट्ट्या मारणाऱ्या गुड मॉर्निंग पथकांबरोबर फिरण्यात गेली. त्याबद्दल मला आज फारसा अभिमान वाटत नाही. नंतर संडास बांधून झाले, गाव हागणदारीमुक्त झाल्याची पाटी लागली आणि शिट्ट्या थांबल्या. खरे प्रश्न त्यानंतर सुरू झाले. बांधलेला खड्डा एक दिवस भरणार, मग पुढे काय?

या गावात लोकांनी त्याचं उत्तर आपापल्या परीनं शोधलं होतं. काही घरांत संडास फक्त बायका आणि म्हातारी माणसं वापरत. पुरुष शेताकडे जात, 'खड्डा लवकर भरेल' म्हणून. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी खोलीएवढा हौद खणून घेतला होता. तो आपल्या हयातीत भरू नये, एवढीच इच्छा. दोन खड्ड्यांच्या संडासावर कोणाचाच भरवसा नव्हता. "एवढासा खड्डा, सहा माणसांचं घर, कसं पुरणार?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की उत्तर झोपेतही देईन. विष्ठेत तीन-चतुर्थांश पाणीच असतं. खड्ड्याच्या भिंतीत विटांमध्ये फटी सोडलेल्या असतात आणि तळाला कोबा नसतो, त्यामुळे पाणी मातीत जिरतं. वायूही मातीतच जिरतो, म्हणून वर पाइप काढावा लागत नाही. उरतं ते थोडंसं. मीटर-सव्वा मीटर खोलीचा खड्डा पाच-सहा माणसांना साधारण तीन वर्षं पुरतो. तो भरला की चेंबरमध्ये, म्हणजे संडासातून येणारी नाली जिथे दोन खड्ड्यांकडे फुटते तिथे, त्याचं तोंड बंद करायचं, दुसरं उघडायचं आणि पहिल्याला कुजायला सोडून द्यायचं. बिंदेश्वर पाठकांनी १९७० साली बिहारमध्ये 'सुलभ' शौचालयांचं काम सुरू केलं, तेव्हापासून देशभर पसरलेली ही साधी युक्ती आहे.

पण सांगून पटत नाही, म्हणून दाखवायचं ठरलं. २०१७च्या फेब्रुवारीत केंद्राच्या पेयजल व स्वच्छता खात्याचे तेव्हाचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगदेवीपल्लीत स्वतः खड्ड्यात उतरले होते आणि त्यांनी आतलं खत हातानं बाहेर काढलं होतं. त्याचा व्हिडिओ मी आदल्या रात्री शाळेच्या भिंतीवर दाखवला होता. लोकांनी तो गंमत म्हणून पाहिला. एक जण म्हणाला, "साहेब उतरणार म्हटल्यावर आधी धुऊन ठेवला असेल." मला वाटलं, उद्या बघशील.

घर मी निवडलं होतं, आणि चूकही माझीच. आजींचा संडास गावातला पहिला, पाच वर्षांपूर्वीचा. तीन वर्षांनी खड्डा बदलतात, म्हणजे पहिला बंद होऊन दोन वर्षं झाली असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्यासारख्या उबदार हवेत वर्षाहून जास्त काळ साठवलेला मैला हाताळायला सुरक्षित होतो. सगळ्यात चिवट असतात ती जंतांची अंडी, तीही तोवर मरतात. दोन वर्षं म्हणजे भरपूर झाली. हा हिशेब मी कागदावर केला आणि आजींना विचारलं, "आजी, खड्डा बदलला ना?" त्या "हो" म्हणाल्या.

तेवढ्यावर मी चेंबर उघडून पाहिलं नाही. पंधरा वर्षं या कामात काढलेल्या बाईनं चेंबर उघडून पाहिलं नाही.

आता समोर पाइपाच्या तोंडापर्यंत ओला काला होता. सरपंच मोबाइलमध्ये काहीतरी अत्यंत महत्त्वाचं वाचू लागले. आमच्या कार्यालयातून फोन आला, 'फोटो पाठवा.' आणि गर्दीतून एक जण अगदी मदतीच्या सुरात म्हणाला, "थांबा ताई, पलीकडच्या वस्तीतून कोणालातरी बोलावतो. तासाभरात उपसून देईल."

कोणती वस्ती हे त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, तिथल्या प्रत्येकाला कळलं. वासापेक्षा त्या वाक्यानं माझ्या पोटात जास्त ढवळलं. हातानं मैला उचलायला लावण्यास बंदी करणारा २०१३चा कायदा आहे, आणि त्यातल्या व्याख्येत 'मैला पूर्ण कुजण्यापूर्वी' असे शब्द आहेत. मी प्रशिक्षणात ते शब्द दर वेळी वाचून दाखवते. पूर्ण कुजल्यावर जे उरतं ते खत, ते घरचा माणूस फावड्यानं काढू शकतो. कुजण्यापूर्वी असतो तो मैला, आणि तो काढायला बोलावलं जाणारं माणूस कोण असतं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. दोन खड्ड्यांची सगळी खटपट ते बोलावणं थांबावं म्हणून आहे. आणि माझ्याच कार्यक्रमात ते बोलावणं निघत होतं.

"कोणालाही बोलवायचं नाही," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. "झाकण लावा."

झाकण लागलं. गर्दी पांगली, अगदी रमतगमत. पाहुण्यांना अचानक दुसऱ्या गावची बैठक आठवली. अंगणात उरलो आजी, मी आणि इतका वेळ कुंपणाजवळ गप्प उभे असलेले गवंडी. त्या गावातले बहुतेक संडास त्यांनीच बांधले होते. त्यांना कार्यक्रमाला कोणी बोलावलं नव्हतं. मीही नाही.

त्यांनी काही न बोलता पहार घेतली आणि संडासामागच्या चेंबरचं फरशीचं झाकण उचकटलं. आत इंग्रजी वायच्या आकाराची नाली, दोन फाटे, दोन पाइप. दोन्हींची तोंडं सताड उघडी. पाच वर्षं दोन्ही खड्ड्यांत सारखंच जात होतं. बंद झालेला खड्डा असा काही नव्हताच.

"एका तोंडाला वीट का नाही लावली?" मी विचारलं. विचारण्याची पद्धत चांगली नव्हती, कबूल करते.

"लावली होती ना," ते म्हणाले. "मग तपासणीला माणूस आला. म्हणाला, फोटोत दोन्ही पाइप मोकळे दिसले पाहिजेत, नाहीतर अनुदानाचा हप्ता अडकेल. वीट काढली, फोटो काढला. वरून फरशी बसवून सिमेंट मारायला सांगितलं. परत वीट लाव असं कोण म्हणालं?"

"अशी किती घरं?"

"त्या खेपेची सगळीच असतील."

मी आजींच्या ओट्यावर बसले. आजींनी तांब्या पुढे केला. मी म्हटलं, "आजी, तुम्ही तर खड्डा बदलला म्हणालात."

"तू हो म्हणण्यासारखंच विचारलंस," आजी म्हणाल्या. "मला काय ठाऊक बदलायचा असतो ते? कोणी सांगितलं?"

दुपारनंतर मी आणि गवंडी घरोघर चेंबर उघडत फिरलो. अकरा उघडले. नऊ ठिकाणी दोन्ही तोंडं उघडी. एका ठिकाणी दोन्ही बंद होती आणि घरातली माणसं दोन वर्षं 'हा संडास तुंबतोच' म्हणून पुन्हा शेताकडे जाऊ लागली होती. त्यांच्या संडासात लाकडं रचलेली होती. आमच्या नोंदवहीत मात्र त्या घरापुढे 'वापर सुरू' लिहिलेलं होतं, आणि खाली सही माझीच.

अकरावं घर गावाच्या टोकाला. तिथल्या सुनेनं आम्हाला पाहूनच विचारलं, "चेंबर उघडताय? माझ्या चेंबरात उजव्या बाजूला वीट आहे, ती हलवू नका."

खरंच होती. वीट आणि भोवती मातीचा गिलावा, हातानं लिंपलेला, त्यावर बोटं उमटलेली. बांधकाम चालू असताना तिनं गवंड्यांना विचारलं होतं की पाइप दोन कशाला. त्यांनी सांगितलं. फोटोवाला येऊन गेल्यावर तिनं स्वतः एका बाजूला वीट लावली आणि मग फरशी सिमेंटनं बंद करू दिली नाही, नुसती ठेवली. तो खड्डा भरला तेव्हा वीट काढून दुसरीकडे लावली.

"कधी बदलला?"

तिनं ओट्यावर खेळणाऱ्या पोराकडे पाहिलं. "हा पोटात होता तेव्हा. सातवा चालू होता, वाकता येईना म्हणून सासूबाईंनी फरशी उचलून दिली."

पोरगा आता पायऱ्यांवरून उड्या मारत होता. अडीच वर्षांचा तर नक्कीच. मी उभ्या उभ्या हिशेब केला. या वेळी कागद लागला नाही.

तिच्या परवानगीनं बंद खड्ड्याचं झाकण सरकवलं. गवंड्यांनी नाकाला रुमाल लावला होता, तो थोड्या वेळानं त्यांनीच खाली केला. आत काळसर, भुसभुशीत माती. शेजारच्या झाडाचं एक मूळ विटांच्या फटीतून आत शिरलेलं. मी फावडं मारलं, घमेल्यात घेतलं, हातानं कुस्करलं. पहिल्या पावसानंतर जमिनीला येतो तेवढाच वास. पाहायला आम्ही चौघं, त्यातला एक अडीच वर्षांचा. सकाळच्या साठ-सत्तरांतला एकही नाही. फोटो काढायचं मला सुचलंच नाही, आणि त्यावरून पुढे कार्यालयात बोलणीही खाल्ली.

"घ्या ना हातात," मी तिला म्हटलं.

"तुम्ही घ्या," ती म्हणाली. "मी लांबूनच बघते. कळतं हो सगळं, पण हात पुढे होत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "झाडाच्या बुडाशी टाका. फळ आलं तर ते खाईन की नाही, तेव्हाचं तेव्हा."

मला तिचं म्हणणं आवडलं. आम्ही लोकांकडून किळस एका दिवसात सोडण्याची अपेक्षा करतो, आणि ज्यांच्यावर ही किळस शतकानुशतकं लादली गेली त्यांच्याबद्दल मात्र कार्यक्रमात एक परिच्छेद ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी थापी आणि मालाचं घमेलं घेऊन आले. सुरुवात आजींच्या घरापासून. जास्त भरलेल्या खड्ड्याचं तोंड विटेनं बंद केलं. दुसऱ्यात अजून हातभर जागा होती आणि घरात आता माणसं तीनच, त्यामुळे पहिला कुजून होईपर्यंत ती पुरेल असा अंदाज. कुठल्या घरी कुठलं तोंड कधी बंद केलं, हे नोंदीत घालायला मी रात्रीच फोनवर विचारलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये तसा रकाना नाही, असं उत्तर मिळालं. म्हणून झाकणावर ओल्या सिमेंटचा पट्टा ओढून मी त्यात खिळ्यानं महिना आणि साल कोरलं.

आजी वाकून बघत होत्या. "काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवलं.

"ते तुझ्यासाठी झालं," त्या म्हणाल्या. "मला वाचता कुठं येतं? वीट कुठल्या अंगाला आहे, तिकडं बाण काढ."

मी बाण काढला. त्यांनी तो पाहिला, माझ्या हातातला खिळा घेतला आणि बाण आणखी खोल कोरला.