संशयितांच्या डबीतून एक सुटला

नकली असल्याचा संशय असलेलं, स्वीडनचा राजा ऑस्कर दुसरा याचं १९०७ चं दोन क्रोनरचं नाणं अखेर चांदीचंच निघालं. वजनावर शंका नव्हती: नवं १५ ग्रॅम, हे झिजून १४.८४. पण पाण्यात बुडवलं की घनता ९.८ वर अडकायची. ८०० टंचाच्या (हजारात ८०० भाग) चांदीत बाकीचं तांबं धरलं तर १०.१ पुढे यायला हवी.

पद्धत नेहमीचीच. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून शून्य करायचं, नाणं दोऱ्याने तळाला न टेकवता बुडवायचं आणि वाढलेलं वजन वाचायचं; नाण्याचं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. काटा १.५१ दाखवायचा. भिंगातून पाहिलं तर कडेच्या खाचांत आणि मुकुटाच्या नक्षीत मोहरीहून बारीक बुडबुडे चिकटलेले. शिवाय सुती दोरा पाणी पितो. मग नाणं आधी ॲसिटोनमधून काढलं, पाणी उकळून गार केलं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि दोऱ्याऐवजी मासेमारीची बारीक नायलॉन तार. काटा १.४६ वर आला. १०.१६! पाणी २६ अंशांवर होतं, तो फरक धरला की १०.१३. पितळ असतं तर १.७५ च्या आसपास गेला असता.

तरी ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर फार भरवसा नको. शेवटचा एक आकडा हलला की घनता ०.०७ ने सरकते, आणि ८०० व ९२५ टंचातला फरक या वजनाला जेमतेम ०.०३ ग्रॅम. मिलिग्रॅमचा काटा घेतल्याशिवाय टंच सांगायचा नाही, फक्त 'चांदीसारखं' म्हणायचं. आणि विक्रेत्यांनो, ब्रासो लावून चकाकवलेली नाणी 'उत्तम स्थिती' म्हणून खपवू नका. जुनी काळपट छटा गेली की परत येत नाही.

पुढे डेन्मार्कची स्मारक नाणी लावायची होती, पण हे नाणं हातात असताना डोक्यात दुसरंच आलं. यावर ऑस्कर फक्त स्वीडनचा राजा आहे आणि मागे ब्रीद 'स्वीडनचं कल्याण'. १९०५ आधीच्या नाण्यावर तो नॉर्वेचाही राजा, ब्रीद 'बंधुप्रजेचं कल्याण'. ७ जून १९०५ ला नॉर्वेच्या संसदेने स्वीडनशी असलेली युती मोडली. जोडीला नॉर्वेचं १९०६ चं स्वातंत्र्याचं दोन क्रोनर मिळालं तर तीन नाण्यांत सगळी फारकत मांडता येईल. स्कँडिनेव्हियन देशांच्या सामाईक चलनाच्या कराराने तिन्ही १५ ग्रॅम, ८०० टंच, म्हणजे काट्यालाही तेच काम. नॉर्वेचं मात्र नीट बघून घ्यायचं: तिकडे नाण्यांना पिन झाळून (सोल्डर करून) ब्रोच करायची फॅशन होती, त्यामुळे भिंग आधी कडेवर, मग नक्षीवर. डेन्मार्क थांबेल.