गब्रीएलचे पंख आणि जवसाचं तेल

मंगळवार
पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार फ्रा अँजेलिको, त्याचं एक भित्तिचित्र तैलरंगात उतरवायला घेतलंय. तुझ्या पोटी येशू जन्मणार, असा निरोप देवदूत गब्रीएल मरीयेला सांगतो, तो प्रसंग. मूळ चित्र फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात, जिना चढून वर गेलं की समोरच्याच भिंतीवर. 1440 च्या सुमाराचं, तीन मीटरच्या आसपास रुंद. माझा कॅनव्हास जेमतेम दोन फुटी. कमानींच्या ओसरीत साध्या लाकडी बैठकीवर मरीया, पुढ्यात गुडघे वाकवलेला गब्रीएल, डावीकडे कुंपण घातलेली बाग. संपलं. या प्रसंगाच्या चित्रांत नेहमी असणारं कबूतर नाही, लिलीची फुलं नाहीत, हातात पोथी नाही. मठाला पैसा फ्लॉरेन्सच्या धनाढ्य सावकाराचा, कोसिमो दे मेदिचीचा, पण चित्र काढणारा स्वतः डॉमिनिकन साधू. त्याला श्रीमंती दाखवायची हौस कुठून असणार!

बुधवार
दोन छापील प्रती शेजारी ठेवल्या. एकीत गब्रीएलचा झगा गुलाबी, दुसरीत जवळजवळ विटकरी. खरा कुठला? मी फिका धरला.

शुक्रवार
आज दिवसभर चकाकीशी मारामारी. भित्तिचित्रात चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि रंगाचे कण त्यातच अडकतात. म्हणून ती भिंत कोरडी, उजळ दिसते. तैलरंगात प्रत्येक कणाभोवती जवसाचं तेल. हिरव्या मातीचा तोच रंग इथे काळपट, ओलसर वाटते. सरांनी उपाय सांगितला: रंग आदल्या रात्री टीपकागदावर काढून ठेव, जास्तीचं तेल उतरू दे, कॅनव्हासला अस्तर खडू-सरसाचं दे. फरक पडला. ओसरीची भिंत आता पिठूळ दिसते, म्हणजे हवी तशी.

पण खरी गोम वेगळीच. भित्तिचित्रकार सकाळी तेवढाच गिलावा लावायचा, जेवढा त्या दिवसात रंगवून होईल. सुकला की संपलं. राहिलेला खरवडून टाकायचा. तैलरंग मला आठवडाभर चाळवाचाळव करू देतो आणि त्यातच चेहरे मरतात. तेव्हा ठरवलं, बैठकीत एक तुकडा: आज फक्त मरीयेचे हात, छातीशी दुमडलेले. कडेचा रंग पुसून उठायचं, उद्या त्याला बोट लावायचं नाही. बोटांना ठसठशीत छाया नाहीच. हिरवट तळावर फिका गुलाबी, सांध्यापाशी किंचित तपकिरी. एवढ्यावर हात उभे राहतात.

निळ्याला मात्र हा नियम लावणार नाही. अझुराइट या निळ्या खनिज रंगाचं आणि ओल्या चुन्याचं पटत नाही, म्हणून तो बहुधा भिंत सुकल्यावर चिकट माध्यमात लावायचे. मरीयेच्या निळ्या वस्त्रावर मी सावकाश थर चढवीन, बिनधास्त.

रविवार
भित्तिचित्रं तैलरंगात उतरवायचा खटाटोप आपल्याकडेही झालाय. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिलने केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या बहुतेक प्रती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी पुन्हा वर्षानुवर्षं लेण्यांत बसून नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी 1885 मध्ये लंडनमध्येच जळाल्या. त्या पोरांची नावं किती जणांना ठाऊक असतील?

उद्या पंख. पट्ट्यापट्ट्यांचे, मोराला लाजवतील असे. सर म्हणतात, ते शेवटी घे, नाहीतर बाकीचं सगळं फिकं वाटेल. मला पटत नाही. अख्ख्या चित्रात तेवढीच एक चैन आहे. तिची पट्टी आधी कळली, तर बाकी किती गप्प ठेवायचं ते ठरवता येईल. पिवळ्यापासून सुरुवात करणार.